शंका आली की बंद

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा, पण वाचा. पनवेल-उरणकरांनी तर नक्कीच.)

पनवेलहून पळस्पे फाट्याकडे जाताना ओएनजीसीची वसाहत लागते. रोज हजारो माणसं तिच्यासमोरून जातात-येतात. समुद्रातलं तेल काढण्याचं तंत्र आणि समुद्रात उभ्या करायच्या बांधकामांचं इंजिनिअरिंग यावर काम करणाऱ्या कंपनीच्या दोन संस्था इथे पनवेलात आहेत, त्याही १९८० च्या दशकापासून. पण तिथे नेमकं काय चालतं असं एखाद्या पनवेलकराला विचारा. "तेलाचं काहीतरी आहे," एवढंच उत्तर मिळेल.

दुसरीकडे आपल्या पनवेल, उरण, अलिबाग पट्ट्यातली कितीतरी पोरं "हायवर" कामाला जातात. कुणी वेल्डर, कुणी फिटर, रिगर, पेंटर, स्कॅफोल्डिंगवाला, कुणी स्वयंपाकी. आपला पोरगा तिथे नेमका कशावर उभा राहून काम करतो, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की मला ही घरं आठवतात. म्हणून आज हा प्लॅटफॉर्म काय असतो आणि कसा चालतो, ते आपल्या भाषेत सांगायचा प्रयत्न करतो. त्यातून एक प्रश्न निघतो, तोही मांडतो.

आधी थोडा इतिहास. १९ फेब्रुवारी १९७४ ला 'सागर सम्राट' या रिगला मुंबईपासून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर तेल लागलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. ही सागर सम्राट तुम्ही पाहिलेली आहे, एक रुपयाच्या नोटेच्या मागच्या बाजूला तिचं चित्र आहे.

पण नोटेवरची ती रिग आहे, प्लॅटफॉर्म नव्हे. लोक दोन्हींत गल्लत करतात. आपल्या गावात बोअरवेलची गाडी येते, भोक पाडते आणि पुढच्या गावाला निघून जाते. मागे राहतं ते पाइप, व्हॉल्व्ह आणि पंपघर. रिग म्हणजे ती गाडी. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रात कायमचं उभं केलेलं पंपघर.

ते उभं कसं राहतं? बॉम्बे हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. पंचवीस मजली इमारत बुडेल एवढं. तिथे जाड पोलादी नळ्यांचा एक सांगाडा उभा करतात, त्याला जॅकेट म्हणतात. तो किनाऱ्यावरच्या यार्डात बनतो, बार्जवर घालून नेतात, समुद्रात उतरवून उभा करतात. मग त्याच्या पायांतून मोठमोठे पोलादी खांब तळात खूप खोलवर ठोकतात. आपले कोळी बांधव डोलीचं जाळं लावण्यासाठी समुद्राच्या तळात खुंट ठोकतात, तीच कल्पना, फक्त हजारो टनांची. वर येणाऱ्या भागावर डेक बसवतात. पाण्याखालचं लोखंड गंजू नये म्हणून जॅकेटला दुसऱ्या धातूचे ठोकळे जोडलेले असतात. आधी ते गंजतात, लोखंड वाचतं. ठोकळे झिजत आले की नवे लावायचे. हे काम पाणबुडे करतात.

प्लॅटफॉर्म साधारण दोन प्रकारचे. एक विहिरींचा, छोटा. त्याच्यावर बहुतेक वेळ माणूस नसतो. विहिरींची तोंडं, व्हॉल्व्ह आणि चार पाइप, बस्स. दुसरा म्हणजे प्रक्रिया करणारा मोठा संच. त्यात दोन-चार प्लॅटफॉर्म पुलांनी जोडलेले असतात. एकावर यंत्रं, एकावर राहण्याच्या खोल्या, मेस, दवाखाना, वर हेलिपॅड, आणि या सगळ्यांपासून लांब ती मशाल, जिला फ्लेअर म्हणतात.

आता तेलाचं बघू. जमिनीखाली तेलाचा तलाव असतो अशी आपली समजूत असते. तसं नसतं. समुद्रतळाच्या खाली एक किलोमीटरहून जास्त खोल चुनखडीचा खडक आहे, त्याच्या बारीक छिद्रांत तेल, वायू आणि पाणी दाबाखाली अडकलेलं आहे. विहीर तिथे पोचली की दाबामुळे हे मिश्रण वर येतं. विहिरीच्या तोंडावर व्हॉल्व्हची एक उतरंड असते. तिला सगळे 'ख्रिसमस ट्री' म्हणतात, कारण फांद्या फुटल्यासारखी दिसते. तिथून मिश्रण समुद्रतळावरच्या पाइपने मोठ्या प्लॅटफॉर्मवर जातं.

तिथलं मुख्य यंत्र म्हणजे सेपरेटर. नाव मोठं, काम साधं. आडवी, बंद, दाबाची टाकी. सोड्याची बाटली उघडली की फसफसून वायू बाहेर येतो, तसा दाब कमी झाला की मिश्रणातला वायू सुटतो आणि टाकीच्या वरच्या बाजूने काढून घेता येतो. पाणी जड, ते तळाशी बसतं. मध्ये राहतं तेल. तिन्हींचे रस्ते वेगळे. तेल पंपाने पाइपलाइनमध्ये जातं. वायूतला ओलावा काढून, कॉम्प्रेसरने दाब वाढवून तोही पाइपलाइनमध्ये जातो. पाण्यातला तेलाचा अंश काढून टाकावा लागतो, मगच ते समुद्रात सोडता येतं. काही बिघडलं आणि वायू तातडीने काढून टाकायची वेळ आली तर तो फ्लेअरकडे पाठवून जाळतात. कुकरची शिट्टी समजा.

विहीर जुनी झाली की दाब कमी होतो. मग दोन उपाय असतात. समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून ते खडकात परत दाबायचं, म्हणजे ते तेलाला ढकलतं. किंवा थोडा वायू पुन्हा विहिरीत सोडायचा, म्हणजे वर येणारं तेल हलकं होतं. हा परत पाठवायचा वायू भारी दाबाचा असतो. तो समुद्रतळावरच्या पाइपांनी विहिरींच्या प्लॅटफॉर्मपर्यंत नेतात. तळावरचा पाइप प्लॅटफॉर्मवर जिथे उभा चढतो किंवा वरून तळाकडे उतरतो, त्या उभ्या तुकड्याला रायझर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे तेल आणि हा वायू येतो कुठे? आपल्या उरणला. उरणच्या प्लांटमध्ये त्यातून स्वयंपाकाचा गॅस, नाफ्था वगैरे वेगळं होतं. बोकडविऱ्याचं वीज केंद्र याच वायूवर उभं राहिलं. थळचा खत कारखाना आणि नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखानाही याच वायूच्या भरवशावर आले. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा गेल्या चाळीस वर्षांतला चेहरा, चांगला-वाईट जसा असेल तसा, त्या लोखंडी सांगाड्यांनी घडवलेला आहे.

आता मुद्द्यावर येतो. एवढं ज्वालाग्राही सामान आणि शंभर-दीडशे माणसं एका लोखंडी ओट्यावर, पळायला जागा नाही. मग ते सुरक्षित कसं ठेवतात?

कळंबोलीच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. ट्रकचा पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. टाकीत हवा आहे तोवर ब्रेक मोकळा. हवा गेली की स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. म्हणजे यंत्रणा बिघडली तर गाडी पळत नाही, थांबते.

प्लॅटफॉर्मचं सगळं डोकं याच तत्त्वावर चालतं. विहिरीच्या आत, समुद्रतळाच्याही खाली, एक व्हॉल्व्ह असतो. वरून तेलाचा दाब देऊन तो उघडा धरलेला असतो. उद्या वरचं सगळं उद्ध्वस्त झालं तरी दाब जाईल आणि व्हॉल्व्ह आपोआप मिटेल. विहिरींच्या प्लॅटफॉर्मवर हवेची एक बारीक नळी सगळीकडे फिरवलेली असते, तिला जागोजागी कमी तापमानाला वितळणारी बुचं असतात. कुठेही आग लागली की बूच वितळतं, हवा निघून जाते, विहिरी बंद होतात. त्यासाठी वीज लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. वायूगळती ओळखणारी यंत्रंही असतात, त्यांनी ठरावीक प्रमाणात वायू हुंगला की भाग बंद होतो. खरंच गळती आहे का हे नंतर बघायचं, आधी बंद. उत्पादन बुडालं तर बुडालं.

शंका आली की बंद. मला हे तत्त्व फार आवडतं. आणि माझा प्रश्नही इथूनच सुरू होतो.

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीचा पाऊस कुणीच विसरलेलं नाही. मुंबई बुडाली होती, इकडे पनवेलात गाढी नदी घरांत शिरली होती, महाड भागात दरडींखाली माणसं गेली होती. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. आमच्या टेबलावर पुराच्या बातम्यांचा ढीग होता. त्या गर्दीत बॉम्बे हायच्या आगीची बातमी आली आणि पुराखाली दबून गेली.

तिथे झालं ते असं. 'समुद्र सुरक्षा' नावाचं, पाणबुड्यांच्या कामाचं एक मोठं जहाज त्या भागात होतं. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. हवामान खराब, हेलिकॉप्टर मिळेना. म्हणून त्याला उपचारासाठी बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर क्रेनने चढवायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने जवळ आलं. म्हणजे वारा आणि लाटा जहाजाला प्लॅटफॉर्मवरच ढकलणार. त्यात जहाज एका जागी स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेत बिघाड होता, ते हाताने चालवत आणलं. जखमी माणूस वर पोचला. पण बाजूला होताना मोठ्या लाटेने जहाज उचललं आणि त्याचं हेलिपॅड वायूच्या रायझरवर आदळलं. दुपारचे चार वाजले होते.

रायझरला बंद करणारा व्हॉल्व्ह होता. पण पाइप फुटला तो व्हॉल्व्हच्या पलीकडे. पुढे किलोमीटरच्या किलोमीटर पाइपात भरलेला वायू त्या फटीतून येत राहिला. आगीने शेजारचे रायझर फोडले. दोन तासांत मुख्य प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. आठ लाइफबोटींपैकी दोनच पाण्यात उतरवता आल्या. त्या दिवशी तिथे प्लॅटफॉर्म, जवळची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, खवळलेल्या समुद्रातून नौदल आणि तटरक्षक दलाने काढलेली. २२ गेली.

नीट बघा. क्रेन बंद होती, ही शंका. जहाजाची यंत्रणा धड नव्हती, ही दुसरी. समुद्र खवळलेला, तिसरी. यंत्राला यातली एक जरी कळली असती तर ते बंद झालं असतं. माणसांनी तिन्ही शंका बाजूला ठेवून काम पुढे नेलं, आणि तेही एका जखमी सहकाऱ्याच्या भल्यासाठी. त्यांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. त्या क्षणी तिथे असतो तर तुम्ही-आम्हीही कदाचित तेच केलं असतं. म्हणूनच नियम आधी ठरलेला हवा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. ६ जुलै १९८८ ला स्कॉटलंडजवळच्या समुद्रात 'पायपर अल्फा' प्लॅटफॉर्म जळाला, १६७ माणसं गेली. तो पेटलेला दिसत असतानाही शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून त्याला जोडलेल्या पाइपांत माल येत राहिला. बंद करायची सोय होती, पण बंद करायचा निर्णय वेळेत झाला नाही.

आणि उलट उदाहरण आपल्या दारातलं. ३ सप्टेंबर २०१९, गणपतीचा दुसरा दिवस. सकाळी सातच्या सुमारास उरणच्या प्लांटमध्ये पावसाळी पाण्याच्या गटाराच्या भागात आग लागली. चार जण गेले, त्यात आग विझवायला धावलेले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान होते. पण वायू तातडीने हजिऱ्याकडे वळवला गेला आणि आग दोनेक तासांत आटोक्यात आली. वेळेत बंद केलं नसतं तर काय झालं असतं, हे उरणकरांना मी सांगायला नको.

आता १७ मे २०२१. तौक्ते वादळ. हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते. बऱ्याच बोटी किनाऱ्याला परत आल्या. काही बार्ज समुद्रातच राहिले. त्यातला पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज, त्यावर २६१ माणसं. वादळात त्याचे नांगर सुटले, तो भरकटला, एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि संध्याकाळी बुडाला. नौदलाने रात्रभर माणसं काढली. बार्ज आणि 'वरप्रदा' नावाची टग मिळून ऐंशीहून जास्त माणसं गेली.

यातला विरोधाभास बघा. ठोकून उभा केलेला प्लॅटफॉर्म ते वादळ सोसायलाच बांधलेला असतो. तो उभा राहिला. बुडाली ती त्याची दुरुस्ती करायला आलेली माणसं. आणि ही माणसं कोण? बहुतेक कंत्राटी. कंपनी काम एका कंत्राटदाराला देते, तो दुसऱ्याला, तो माणसं पुरवणाऱ्या तिसऱ्याला. समुद्रातली दुरुस्तीची कामं पावसाळ्याआधी उरकायची असतात, त्यामुळे मे महिन्यात प्रत्येक दिवस मोलाचा. परत फिरायचं म्हणजे दिवस बुडाले, पैसे बुडाले. विहिरीतल्या व्हॉल्व्हला पैशाचा हिशोब कळत नाही, म्हणून तो वेळेवर मिटतो.

त्या आठवड्यात मला एका बाईंचा फोन आला होता. खाडीकाठच्या गावातल्या. "भाऊ, माझा पोरगा बार्जवर हाय. कंच्या बार्जवर ता म्हाईत नाय. यादी कुठं भेटंल?" मी दोन दिवस फोन लावत होतो. माणसं पुरवणारा एजंट म्हणे, वरच्याला विचारा. वरचा म्हणे, आमच्या यादीत हे नाव नाही. पोरगा सुखरूप निघाला, दुसऱ्याच बार्जवर होता. पण दोन दिवस त्या घरात चूल पेटली नव्हती. समुद्रात असलेल्या माणसाचं नाव किनाऱ्यावर एका कागदावर सापडत नव्हतं. एजंटचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण दुखणं एका एजंटचं नाही.

कुणी म्हणेल, झालं ते झालं, आता नियम आहेत. आहेत ना. २००८ पासून समुद्रातल्या तेल-वायू कामांच्या सुरक्षेचे स्वतंत्र नियम आहेत, त्यावर देखरेख तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. पण तौक्ते त्यानंतरच आलं.

आणि हा विषय जुना होणारा नाही. असे प्लॅटफॉर्म साधारण २५ वर्षांचं आयुष्य धरून बांधतात. बॉम्बे हायला पन्नास वर्षं होत आली. जुन्या लोखंडाचं आयुष्य वाढवत नेलं जातंय. उत्पादन वाढवण्यासाठी २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने ब्रिटिश कंपनी बीपीला तांत्रिक भागीदार म्हणून निवडलं. देशाला तेल हवंय, चांगलंच आहे. पण जुना प्लॅटफॉर्म चालवायचा म्हणजे जास्त दुरुस्ती, जास्त वेल्डिंग, जास्त बार्ज आणि जास्त कंत्राटी पोरं. आपलीच.

म्हणून माझ्या चार साध्या मागण्या आहेत. पटल्या तर आपल्या आमदार-खासदारांसमोर तुम्हीही मांडा.

एक. समुद्रात आज कोण कुठल्या बार्जवर, कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहे, याची रोजची यादी, अगदी तिसऱ्या कंत्राटदाराच्या माणसासकट, जिल्हाधिकारी कार्यालयात असली पाहिजे. घरच्यांना एका फोनवर कळलं पाहिजे.

दोन. हवामान खात्याचा कुठला इशारा आला की बार्ज परत फिरणार, हे आधी लिहून ठरवा आणि जाहीर करा. ऐन वेळी कॅप्टन, कंत्राटदार आणि कंपनी यांच्यात चर्चा नको. तीन. परत फिरल्यामुळे बुडालेल्या दिवसांचा दंड कंत्राटदाराला नको आणि कामगाराची मजुरी कापायला नको. नाहीतर दुसरी मागणी कागदावरच राहील.

चार. बुडत्या बार्जवरून, हेलिकॉप्टरमधून जीव वाचवून बाहेर कसं पडायचं, याचं प्रशिक्षण कंपनीच्या अधिकाऱ्याला मिळतं तेवढंच वेल्डरलाही मिळालं पाहिजे. २८ जून २०२२ ला ओएनजीसीच्या माणसांना नेणारं हेलिकॉप्टर सागर किरण रिगजवळ समुद्रात पडलं. नऊपैकी पाच वाचले, चार गेले. अशा वेळी शिकलेलं किती कामी येतं, हे तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा.

यातल्या एकाही मागणीला नवं तंत्रज्ञान लागत नाही. जे तत्त्व इंजिनिअरांनी व्हॉल्व्हमध्ये बसवलंय, तेच माणसांच्या कामाच्या पद्धतीत बसवा, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्या घरातलं कुणी हायवर असेल तर आज त्याला तीन गोष्टी विचारून घरात लिहून ठेवा. बार्जचं किंवा प्लॅटफॉर्मचं नाव काय, कामावर घेणाऱ्या कंत्राटदाराचं नाव काय, आणि त्याच्या किनाऱ्यावरच्या ऑफिसचा नंबर काय. आणि उत्तर मिळालं नाही तर मला कळवा. नाव कुठे येणार नाही.